‘होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नका : बाविसाव्या दिवशीच्या बाळंतिणीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : वय २९, पहिलं बाळंतपण, नॉर्मल, खाली टाके पडले आहेत. आज बाविसावा दिवस. सांगलीला माहेरी आहे. आई पोटाला जुनं लुगडं घट्ट आवळून बांधते, पाणी बेताचंच देते, दोन्ही वेळा शेगडी आणि धुरी असते. खोकलं किंवा शिंकलं की लघवीचे थेंब जातात. पाठ भरून येते, उजवं मनगट दुखतं, मधूनच उगाच रडू येतं. आई म्हणते, ‘होतंच असं, सव्वा महिन्यात जाईल सगळं.’ यातलं खरं किती? आणि मी पहिल्यासारखी कधी होणार?

तुमचा प्रश्न वाचताना मी थांबले ते आईंच्या त्या वाक्यापाशी. तालुक्याच्या गावात बाळंतपणं करत मला सव्वीस वर्षं झाली. ‘होतंच असं’ हे मी रोज ऐकते. ते मायेनं म्हटलेलं असतं, म्हणून त्यावर कुणी उलट विचारत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक बाई दवाखान्यात आल्या. वय बावन्न, ऊसतोडीला जाणाऱ्या. काय होतंय विचारलं तर आधी गुडघे सांगितले, मग पित्त. सून औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘डाक्तरीणबाई, अंग भाईर येतंय.’ कधीपासून? ‘धाकटा झाला तवापास्नं.’ धाकट्याला अठ्ठाविसावं चालू होतं. त्याच्या वेळी विसाव्या दिवशी त्या कोयता घेऊन फडात उभ्या होत्या आणि डोक्यावरून मोळ्या वाहत होत्या. तेव्हापासून त्या कापडाची घडी लावून दिवस काढत होत्या. सासूला सांगितलं होतं. सासू म्हणाली, मलाबी हाय, बायकांना हुतंच.

हे एकटीचं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. ते काम १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. उरलेल्यांनी अंगावरच काढलं होतं. म्हणून सांगते, बाळंतपणात बऱ्याच गोष्टी ‘होतात’ हे खरं, पण होतात म्हणून त्या तशाच सोडायच्या नसतात.

आईंचं सगळं चुकतंय असं मात्र मुळीच नाही. सव्वा महिना बाळंतिणीला चूल नाही, पाणी भरणं नाही, पाहुण्यांची ऊठबस नाही, हा नियम ज्या कुणी घालून दिला त्यांना बायकांचं शरीर कळत होतं. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय साधारण किलोभर वजनाचं असतं आणि बेंबीपर्यंत हाताला लागतं. मग रोज बोटभर खाली उतरत दहाबारा दिवसांत ते ओटीपोटात जातं, आणि सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. आजीचा सव्वा महिना आणि आमच्या पुस्तकातला ४२ वा दिवस जवळपास एकच आहेत. पण या मुदतीत आवरतं ते गर्भाशय. ताणलेले स्नायू, शिवलेली जखम, गेलेलं रक्त, तुटलेली झोप यांना सव्वा महिना पुरत नाही. पोटाला आणि ओटीपोटाच्या तळाला चारसहा महिने लागतात, कुणाला वर्षही. तुमच्या ‘कधी होणार’चं खरं उत्तर हे आहे. सव्वा महिन्यानंतर एकदम कामाला जुंपून घेऊ नका आणि तोवर बरं वाटलं नाही म्हणून घाबरूही नका.

आता थेंब जाण्याबद्दल. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण ही तक्रार बायका डॉक्टरलाही सांगत नाहीत. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. बाळंतपणानंतर साधारण तिघींत एकीला हा त्रास होतो. पुढे जांघेचं हाड आणि मागे माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. नऊ महिने ती ओझ्याने ताणली गेली आणि बाळ तिच्यातूनच वाट काढून आलं. आता खोकताना वरून दाब येतो आणि झोळी वेळेवर आवळली जात नाही, म्हणून थेंब सुटतो. हा स्नायूच आहे, दंडाच्या स्नायूसारखा मेहनतीने भरून येणारा. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामावर लिहिलं, म्हणून त्याला केगल म्हणतात. बायका तो बहुतेक वेळा चुकीचा करतात, म्हणून नीट सांगते.

गुडघे दुमडून उताणं पडा. पोट सैल सोडा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण मागची वाट आवळून धरतो ना, तशी ती आवळा, आणि तोच जोर पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणत आत, वर ओढा. बाहेरून काहीही हललेलं दिसता कामा नये. मांड्या जुळल्या, कुल्ले आवळले, श्वास कोंडला तर ते चुकलं. शंका असली तर एक हात पोटावर ठेवून मोठ्याने पाच आकडे मोजा. मोजता येतंय आणि आवळलेलंही धरलंय, म्हणजे जमलं. सुरुवातीला तीन आकडे धरायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्या-आठवड्याने वाढवत दहा आकड्यांपर्यंत न्या. शेवटी भराभर आवळ-सोड दहा वेळा. बाळाला पाजायला बसलात की एक फेरी करायची असं ठरवलं तर विसरायला होत नाही. लघवी करताना मध्येच धार अडवून हा व्यायाम रोज करायचा नाही, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आणि आजपासूनच उपयोगी पडेल अशी एक युक्ती : खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. बाळाला उचलण्याआधीही तसंच. आठदहा दिवसांत ते आपोआप व्हायला लागतं.

हे नेमाने तीन महिने करायचं. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडणाऱ्या पुष्कळ बघितल्या. तीन महिन्यांनीही थेंब जात असतील तर बायकांच्या या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. पुण्या-मुंबईत त्या सहज भेटतात, आता जिल्ह्याच्या ठिकाणीही भेटू लागल्यात. पण वारा किंवा संडास आवरत नसेल, खाली काही उतरल्यासारखं, जड-जड वाटत असेल, तर तीन महिने थांबायचं नाही. टाका खोलवरच्या स्नायूला होता का ते बघावं लागतं. त्या बावन्न वर्षांच्या बाईंना विसाव्या दिवशी कुणी एवढं सांगितलं असतं तर मला त्यांचं ऑपरेशन करावं लागलं नसतं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण अठ्ठावीस वर्षं कापडाच्या घडीवर नक्कीच गेली नसती.

याच्याशीच तुमचा पट्टा जोडलेला आहे. गव्हाच्या पोत्याला मधोमध दोर आवळला तर दाणे कुठे जातात? वर आणि खाली. लुगडं करकचून बांधल्यावर पोटातला दाबही तसाच सरकतो, आणि तो ज्या झोळीवर पडतो ती आधीच ढिली झालेली आहे. तुमचे थेंब त्याने वाढतात. आईंना वाटतं बांधलं नाही तर पोट सुटेल. गर्भाशय बांधून लहान होत नाही, ते स्वतःच्या आकुंचनाने होतं. बाळ पिताना पोटात कळ येते ती त्याचीच. पोटाचे स्नायूही बांधून जुळत नाहीत, कामाला लावल्यावर जुळतात. तरीही कमरेला आधार वाटतो म्हणून सैलसर बांधायचं असेल, विशेषतः सिझर झालेल्यांना, तर बांधा. खूण एवढीच : बांधल्यावर पोटभर श्वास घेता आला पाहिजे आणि आत हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे. झोपताना सोडायचं.

पोटाचे स्नायू किती लांब गेलेत ते सहा आठवड्यांनी घरीच बघता येतं. उताणं पडून गुडघे दुमडा, बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेवा आणि डोकं थोडंसं उचला. मधल्या फटीत दोन बोटं मावली तर काळजी नको. त्याहून जास्त मावत असतील, किंवा डोकं उचलताना मध्ये उंचवटा फुगून येत असेल, तर दाखवा. तोवर उठाबशा, पोटाचे ‘क्रंचेस’ आणि मोबाइलवर ‘महिन्यात पोट सपाट’ म्हणून फिरणारं काहीही करायचं नाही. तुम्ही आत्ता करू शकता ते साधं आहे. उताणं पडून नाकाने श्वास घ्यायचा, पोट फुगू द्यायचं, आणि सोडताना बेंबी हळूच पाठीकडे ओढायची. हे आणि अंगणातल्या अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालणं. बाजेवरून उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या जोराने उठा.

पाणी. इथे मी आईंशी भांडायला तयार आहे. ‘पाणी प्यायलं की पोट सुटतं, टाके ओले राहतात, बाळाला सर्दी होते’, यातलं काहीच खरं नाही. तुमच्या अंगातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध जातं आणि त्यातलं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात घरातल्या वडीलधाऱ्या मला पेल्याने मोजून पाणी देत. मी डॉक्टर होऊन आलेली सून, पण त्या पेल्यापुढे बोलायचं धाडस झालं नाही. नवव्या दिवशी लघवीला आग आणि हुडहुडी भरून ताप. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशी मी तांब्या ठेवायला लावते. तहान लागेल तेव्हा प्यायचं, दर पाजण्याच्या वेळी एक पेला घ्यायचाच. कोमट आवडत असेल तर कोमट घ्या, ओवा-बडीशेप घालून उकळलेलं घ्या, आईंनाही बरं वाटेल. लघवी फिकट पिवळी राहिली की पुरेसं झालं.

पाण्याचा आणखी एक संबंध आहे आणि तो जिवाशी आहे. बाळंतपणानंतर, पहिल्या सहा आठवड्यांत तर फारच, रक्त गोठण्याकडे कल जास्त असतो. प्रसूतीत रक्त फार जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. पण त्यात बाई दिवसभर बाजेवर पडून, पाणी कमी, खोलीत शेगडीचा उकाडा, घामाच्या धारा, असं झालं की पोटरीच्या नसेत, क्वचित मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, पोटरी दाबली की दुखली, अचानक दम लागला, छातीत दुखलं तर थांबायचं नाही. डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, दिसायला अंधूक झालं, झटका आला, तरी तसंच. डोकं दुखण्याचं एक कारण वाढलेला रक्तदाबही असतं. गरोदरपणात कधीच प्रेशर नव्हतं अशा बाईलाही ते बाळंत झाल्यावर, सहा आठवड्यांपर्यंत, वाढू शकतं. ‘जागरणाने डोकं दुखतंय’ म्हणून बाम चोळण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० असेल तर तासाभराचाही उशीर नको.

तातडीचं सांगायला लागलेच आहे तर बाकीचंही इथेच सांगून टाकते. अंगावरून जाणं पहिले तीनचार दिवस लाल, मग आठवडाभर गुलाबी-तपकिरी, मग पिवळसर-पांढरं असं चार ते सहा आठवडे चालतं. बाविसाव्या दिवशी तुमचं पिवळट असायला हवं. कमी झालेलं लाल पुन्हा सुरू झालं तर बहुतेक वेळा तो जास्त काम केल्याचा निरोप असतो, त्या दिवशी पडून राहा आणि दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही तर दाखवा. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय, लिंबाएवढ्या गाठी पडताहेत, चक्कर येतेय, तर १०८ ला फोन. स्रावाला घाण वास, ओटीपोटात दुखणं, १००.४ च्या वर ताप हे गर्भाशयात जंतू गेल्याचं लक्षण आहे. ‘दुधाचा ताप’ म्हणून त्यावर पॅरासिटामॉल देत बसू नका.

शेगडीबद्दल. ऊब मला मान्य आहे, पाठीला शेक दिला की बाळंतिणीचा चेहरा कसा सुटतो ते मी रोज बघते. धूर मान्य नाही. बंद खोलीत, बाजेखाली कोळशाची शेगडी, वर बाळ कपड्यात गुंडाळलेलं. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्याला तो कळत नाही. धुरीने बाळाचं नाक आणि छाती भरते. ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकल्याचा वास घरात दरवळला की बाळंतिणीचं घर वाटतं हे मलाही ठाऊक आहे. पण ती धुरी अंगणात फिरवा, खोलीत नको. खिडकीची एक फळी उघडी ठेवा. शेकायला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पाठीला, कमरेला लावा. टाक्यांना धुरी देऊ नका. टाक्यांसाठी टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसणं, दिवसातून दोनदा, आणि मग मऊ कापडाने टिपून कोरडं करणं, एवढं पुरतं. धुताना नेहमी पुढून मागे. विरघळणारे टाके दोन ते चार आठवड्यांत गळून पडतात, कपड्यावर दोऱ्याचा तुकडा दिसला तर दचकू नका. बाविसाव्या दिवशी बसताना ओढल्यासारखं वाटणं चालेल. ठसठस, पू, लाली, उघडलेली जखम चालणार नाही.

मालिशवाल्या बाईंना पाठ, पाय, खांदे मनसोक्त चोळू द्या. पोटावर जोर नको. आणि एकच पोटरी दुखत असेल तर ती मुळीच चोळू देऊ नका.

मनगटाचं निदान मला तुमच्या वाक्यातच दिसतंय, तरी कुणीतरी हात लावून बघायला हवं. तुम्ही बाळाला कसं उचलता? अंगठा ताणून, पंजाचा चिमटा करून, काखेत धरून, बरोबर? दिवसातून तीस-चाळीस वेळा तेच केलं की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूंच्या दोऱ्यांच्या म्यानाला सूज येते. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला वळवली आणि कळ गेली, तर तेच. उपाय असा की दोन्ही तळवे वर करून, ओंजळीत फुलं घेतल्यासारखे बाळाच्या मानेखाली आणि ढुंगणाखाली घाला आणि उचला. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटलेलाच राहू द्या. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, गरज पडली तर अंगठ्यासह मनगटाचा पट्टा. बहुतेकींचं एवढ्यावर थांबतं.

पाठही अशीच. माझ्याकडच्या बाळंतिणी पाजताना बाळावर वाकतात, मान खाली घालून अर्धा तास. बाळ छातीपाशी आणायचं, छाती बाळापाशी न्यायची नाही. पाठीला लोड, मांडीवर उशी, पायाखाली पाट. बाळाची हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळ्या भागाचा बराचसा भाग तोंडात. नुसतं बोंड तोंडात असेल तर ते चिरणार आणि दूधही कमी उतरणार. स्तनात ढेकूळ होऊन दुखायला लागलं तर त्या बाजूने पाजणं बंद करू नका, पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवा. लाली आणि ताप आला की दाखवा. सिझर झालेल्या पुष्कळ जणी पाठदुखीचं खापर मणक्यातल्या इंजेक्शनवर फोडतात. सुई टोचली तिथे काही दिवस दुखतं. महिनोन्‌महिने दुखणारी पाठ बहुतेक वेळा वाकून पाजण्याची आणि ढिल्या पडलेल्या पोटाची असते.

आईंच्या हातचे अळिवाचे, डिंकाचे लाडू खा. खीर खा. बाजरीची भाकरी, वर तूप, लसणाची चटणी, मेथीची भाजी, हे अन्न उत्तम आहे. फक्त लाडू म्हणजे जेवण नव्हे. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप आहे. ते दोन-तीन लाडवांतच भरून निघतं आणि प्रथिनं राहून जातात. वरण, उसळी, दूध, ताक, अंडी, चालत असेल तर मासे-मटण यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. डाळ ‘बाधते’, फळं ‘गार’, पालेभाजीने बाळाला ‘हिरवी शी होते’ म्हणून ताट रिकामं करत नेऊ नका. भाज्या-फळं-पाणी तोडली की बद्धकोष्ठ, आणि शौचाला जोर लावला की पुन्हा तो भार त्याच झोळीवर. रात्री इसबगोल घ्यायला हरकत नाही.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, आणि कॅल्शियमच्या सहा महिने. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट मिळतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळीच्या तासभर आधी-नंतर चहाही नको. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त आधीच कमी असतं. ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणतात तो पुष्कळदा साध्या हिमोग्लोबिनचा असतो. महिने उलटूनही थकवा हटला नाही तर थायरॉइडही बघून घ्या. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ-मूठ गळतील, वर्षाच्या आत परत येतील, त्यासाठी महागडी तेलं घेऊ नका.

आता रडू येण्याबद्दल. तिसऱ्या-पाचव्या दिवशी येणारं रडू बहुतेक सगळ्यांना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचा बाविसावा दिवस आहे, म्हणून मी विचारते, आणि तुम्ही स्वतःलाच खरं उत्तर द्या : गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक वेळ मन खिन्न, सगळं व्यर्थ वाटतंय का? आवडणाऱ्या गोष्टीतही, बाळातही, काहीच वाटेनासं झालंय का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर ते नजर लागणं नाही आणि कमकुवतपणाही नाही. भारतातल्या अभ्यासांत साधारण पाच बाळंतिणींत एकीला हा नैराश्याचा आजार आढळतो. तो बरा होतो, आणि पाजत असताना घेता येतील अशी औषधंही आहेत. ‘टेलि-मानस’ या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट, मराठीतून बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला, भास व्हायला लागले, दोन-तीन रात्री झोपच नाही आणि बोलणं भरकटतंय असं घरच्यांना दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. त्या वेळी बाईला एकटं सोडायचं नाही.

नुसतं अधूनमधून डोळे भरत असतील तर आधी झोप बघा. सलग चार तास. रात्री दहाला पाजलंत की बाळ आईंकडे द्या आणि दुसऱ्या खोलीत झोपा, भूक लागली की ते आणून देतील. माहेरपणाचा खरा अर्थ मला तरी एवढाच वाटतो. नवरा शनिवार-रविवार येत असेल तर त्या दोन रात्री लंगोट बदलण्याचं काम त्याचं.

तुमची नोकरी बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याच्या कक्षेतली असेल तर २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती पूर्ण घ्या. ‘घरून थोडं बघतेस का’ म्हणून फोन येतील, त्यांना नाही म्हणा. पळणं, उड्या, जिम तीन महिन्यांच्या आत नको, आणि तेव्हाही थेंब थांबले असतील तरच.

४२ व्या दिवशी तुमची तपासणी असेल. घरात सगळे बाळाची लस आणि वजन यातच असतील, तुमचा नंबर लागेलच असं नाही, म्हणून कागदावर लिहून न्या. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके. गरोदरपणात साखर वाढली असेल तर ग्लुकोज पिऊन साखरेची चाचणी. शरीरसंबंध स्राव थांबल्यावर आणि तुमची इच्छा असेल तेव्हा. दूध पाजताना कोरडेपणा असतो, त्याला साधं जेल मिळतं. दुखत असेल तर सोसायचं नाही, टाक्यांचा वण दाखवायचा. आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत यावर विसंबू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध आणि पाळी नाही, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तेवढ्यापुरतंच ते खरं असतं. दिवस राहू नयेत म्हणून तांबी, ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन, काय सोयीचं ते त्याच दिवशी बोलून घ्या.

खोकताना थेंब जातात हे त्या कागदावर सगळ्यात वर लिहा. डॉक्टर घाईत असतील, सोबत सासूबाई बसल्या असतील, जीभ जड होईल. तेव्हा बोलू नका, कागद पुढे सरकवा. आशाताई घरी येतात (तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची फेरी ठरलेली असते), त्यांनाही बाळ दाखवून झालं की तुमचं सांगा. पुढची फेरी अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे सहाच दिवसांवर आहे. तोवर लुगडं सैल करा आणि उशाशी तांब्या ठेवा.